मुलांच्या गावात मोठ्यांचा वीकेंड

डोंगरातलं एखादं गाव 'फॅमिलीसाठी उत्तम' म्हणून नावारूपाला येतं, तेव्हा त्या गावाचं घड्याळ मुलांनी लावलेलं असतं. सकाळी साडेसातला नाश्त्याच्या हॉलमध्ये कलकलाट, साडेदहाला रोपवेसमोर रांग, दुपारी तीनला तरणतलावात पाय ठेवायला जागा नाही, संध्याकाळी सातला सगळी टेबलं भरलेली आणि रात्री साडेनऊला रस्ते ओस. मुलं घरी ठेवून दोन-तीन जोडप्यांनी किंवा जुन्या मित्रमैत्रिणींनी अशा गावी जायचं ठरवलं, की पहिला सल्ला मिळतो तो 'दुसरीकडे कुठेतरी जा' असा. मला तो पटत नाही. अशा गावांत रस्ते धड असतात, दवाखाना असतो, पायवाटांवर खुणा केलेल्या असतात, पाऊस लागला तर बसायला आडोसा असतो. मोठ्या माणसांनाही हे सगळं लागतंच. फक्त आपला दिवस मुलांच्या दिवसाच्या उलट लावायचा. बुकिंगपासून परतीच्या घाटापर्यंत बहुतेक निर्णय या एका गोष्टीवरून सुटतात.

आधी वार, मग गाव

बहुतेक जण शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परततात. म्हणजे जाताना सगळ्यांबरोबर घाटात अडकायचं, येतानाही सगळ्यांबरोबरच. त्यातून शुक्रवारची रात्र प्रवासाच्या थकव्यात जाते आणि रविवारी अकराला खोली सोडायची असते. हातात खरा दिवस उरतो तो शनिवार, म्हणजे गावातला सर्वांत गर्दीचा दिवस.

एकच रजा मिळणार असेल तर ती शुक्रवारी न घेता सोमवारी घ्या. शनिवारी पहाटे निघा, सोमवारी दुपारी परता. सोमवारी शाळा असते, त्यामुळे रविवारी दुपारी बारा ते चारच्या दरम्यान कुटुंबं निघून जातात आणि गाव मोकळं होतं. रविवारची संध्याकाळ आणि रात्र ही मोठ्यांची. तलाव रिकामा, हव्या त्या वेळी टेबल, शेजारच्या खोलीत शांतता. त्या रात्रीचा खोलीचा दरही बहुतेक ठिकाणी शनिवारपेक्षा कमी असतो.

शाळांच्या सुट्ट्या बघताना आपल्या भागातल्या बघून भागत नाही. त्या गावात पर्यटक कुठून येतात, तिथल्या शाळांच्या सुट्ट्या बघायच्या. दोन वेगवेगळ्या प्रांतांच्या सुट्ट्या एकमेकींना लागून आल्या, तर गर्दीचा मोसम तीन-चार आठवडे लांबतो. शाळा पुन्हा सुरू झाल्यावरचा पहिला-दुसरा आठवडा सर्वांत चांगला.

दोन मोसमांच्या मधला काळ स्वस्त असतो, पण त्यात एक खोच आहे. रोपवेची मोठी वार्षिक देखभाल याच काळात काढतात. हॉटेलं आणि खाणावळीही कर्मचाऱ्यांना सुट्टी देण्यासाठी याच दिवसांत बंद राहतात. बर्फाच्या प्रदेशात वरच्या वाटांवर अर्धवट वितळलेला बर्फ आणि खाली चिखल असतो. म्हणून खोली ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, रोपवे चालवणाऱ्यांनी जाहीर केलेलं बंदच्या दिवसांचं पत्रक. दोन, ज्या हॉटेलात उतरणार तिथलं स्वयंपाकघर त्या दिवसांत सुरू आहे का. 'हॉटेल सुरू आहे' या उत्तरात स्वयंपाकघर धरलेलं असेलच असं नाही.

चंद्राची तिथीही बघून ठेवा. मुलं झोपल्यावरची रात्र आपली असणार आहे. अमावस्येच्या आसपास गेलात तर तारे दिसतील, पौर्णिमेच्या आसपास गेलात तर चांदण्यात फिरता येईल. एकाच सहलीत दोन्ही मिळत नाही.

खोली: फोनवर विचारायचे प्रश्न

कुटुंबांसाठी बांधलेल्या जागांची अडचण त्यांच्या हिशोबात असते. 'सहा जणांची सोय' असं लिहिलेलं असतं, तेव्हा बहुधा एक मोठा पलंग, एक सोफा-कम-बेड आणि मुलांसाठी एकावर एक असे दोन अरुंद पलंग असतात. वरचा पलंग लांबीला कमी असतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. सहा प्रौढांसाठी ही जागा प्रत्यक्षात दोघांची, फार तर चौघांची. म्हणून 'किती जण राहू शकतात' हे विचारू नका. 'दाराआड असलेले, मोठ्या माणसांच्या लांबीचे पलंग किती आणि न्हाणीघरं किती' असं विचारा. तीन प्रौढांमागे एक न्हाणीघर ही खालची मर्यादा धरा. त्याहून कमी असेल तर रोज सकाळचा तास रांगेत जातो.

गरम पाण्याचा हिशोब कुणी करत नाही आणि पहिल्याच सकाळी चौथ्या माणसाला गार पाण्याने अंघोळ करावी लागते. शॉवरमधून मिनिटाला साधारण ८ लिटर पाणी जातं. सहा मिनिटांची अंघोळ म्हणजे ४८ लिटर. टाकीतलं पाणी ६० अंश आणि डोंगरातलं नळाचं पाणी १० अंश धरलं, तर अंगाला सोसेल असं ४० अंशांचं पाणी करायला त्यातलं ६० टक्के गरम लागतं, म्हणजे जवळपास २९ लिटर. ८० लिटरच्या टाकीत दोन अंघोळी व्यवस्थित होतात, तिसरी कोमट होते. रिकामी टाकी पुन्हा तापायला २ किलोवॉटच्या गीझरला सुमारे २ तास २० मिनिटं लागतात. तेव्हा स्वतंत्र घर भाड्याने घेताना टाकी किती लिटरची हे विचारा, आणि निम्म्या जणांनी रात्री, निम्म्यांनी सकाळी अंघोळ असं ठरवून टाका.

हॉटेलात खोली घेत असाल तर जागा महत्त्वाची. शक्यतो सर्वांत वरचा मजला मागा. डोक्यावर धावणारी पावलं हा अशा हॉटेलांतला सर्वांत त्रासदायक आवाज आणि तो कानात बोळे घालूनही थांबत नाही, कारण तो छतातून थरथरत येतो. शेजारच्या खोलीला जोडणारं आतलं दार असलेली खोली टाळा. कुटुंबांना दोन खोल्या एकत्र देण्यासाठी ती दारं असतात आणि त्यांच्या फटींतून पलीकडचं सगळं ऐकू येतं. खिडकी खेळघराच्या, तलावाच्या किंवा नाश्त्याच्या हॉलच्या बाजूला नको. जिना आणि लिफ्टपासून किमान तीन-चार दारं दूर. बुकिंग संकेतस्थळावरून केलं असलं तरी हे सगळं फोन करून सांगायचं, आणि तोही आदल्या दिवशी नव्हे तर चार-पाच दिवस आधी, कारण खोल्यांची वाटणी त्या सुमारास सुरू होते.

तलाव किंवा गरम पाण्याचं कुंड फक्त मोठ्यांसाठी राखीव असण्याची वेळ कधी, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती रात्री उशिरा किंवा भल्या सकाळी असते, पण कुणी आपणहून सांगत नाही. गरम कुंडात पाणी ४० अंशांच्या वर नसावं आणि एका वेळी १५ मिनिटांहून जास्त बसू नये. मद्य घेऊन तर उतरूच नका. गरम पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात, मद्यानेही पसरतात, आणि एकदम उठून उभं राहिलं की रक्तदाब घसरून चक्कर येते. जास्त उंचीवर ती लवकर येते.

उंची आधी बघा, कारण दोनच रात्री आहेत

गावाची उंची किती हा प्रश्न आठवड्याच्या सहलीत तितका महत्त्वाचा नसतो, जितका दोन रात्रींच्या सहलीत असतो. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही सुमारे पाव हिश्श्याने कमी. डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि गरगरणं ही लक्षणं पोचल्यावर सहा ते बारा तासांनी दिसू लागतात आणि पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी सर्वांत जास्त जाणवतात. शरीर जुळवून घेतं, त्याला एक-दोन दिवस लागतात. तुमचा वीकेंडही तेवढाच आहे. म्हणजे शरीर रुळेपर्यंत परत निघायची वेळ येते.

महत्त्वाची असते ती झोपण्याची उंची. फ्रान्समधलं शामोनी गाव सुमारे १,०३५ मीटरवर आहे, तिथे झोपायला कसलाच त्रास नाही. पण तिथून एग्वी द्यू मिदीची रोपवे वीसेक मिनिटांत ३,८४२ मीटरच्या शिखरावर नेते. तासाभराच्या फेरीत फार तर धाप लागेल, डोकं हलकं होईल. जिने सावकाश चढायचे आणि वर रेंगाळायचं नाही, एवढी काळजी पुरते. याउलट अमेरिकेतलं ब्रेकनरिज हे गावच सुमारे २,९०० मीटरवर वसलेलं आहे. तिथे आल्या दिवसापासून झोप त्या उंचीवर. दोन रात्रींसाठी जायचं असेल आणि सोबत कुणी पहिल्यांदाच उंचावर येत असेल, तर मी २,००० मीटरच्या आतलं गाव निवडेन आणि वरचे देखावे दिवसा जाऊन बघेन.

उंचावरच जायचं ठरलं असेल तर पहिल्या रात्री मद्य नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत. दोन्हींमुळे झोपेत श्वास मंदावतो, आणि तिथे आधीच ऑक्सिजन कमी असतो. लोक मोठ्यांची सहल म्हणून नेमकी पहिल्याच रात्री मैफल जमवतात आणि दुसऱ्या सकाळी डोकं धरून बसतात. ते उंचीमुळे की मद्यामुळे हेही मग कळत नाही, आणि हा गोंधळच धोक्याचा. मैफल दुसऱ्या रात्री ठेवा. हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा रक्तदाबाचा विकार असेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा. उंचीसाठीचं प्रतिबंधक औषध घ्यायचं असेल तर ते त्यांच्याच सल्ल्याने आणि चढण्याच्या आदल्या दिवसापासून घ्यावं लागतं.

त्रास मोजण्याची एक सोपी पद्धत गिर्यारोहक आणि डॉक्टर वापरतात. कॅनडातल्या लेक लुईस या डोंगरी पर्यटनस्थळाच्या नावाने ती ओळखली जाते. डोकेदुखी, पोटाचा त्रास, थकवा आणि गरगरणं या चारांना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे. २०१८ च्या सुधारित नियमाप्रमाणे डोकं दुखत असेल आणि एकूण बेरीज ३ किंवा जास्त असेल, तर तो उंचीचा त्रास समजायचा. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न बघता लगेच खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा.

ऊन आणि थंडीचंही गणित उंचीवरच चालतं. दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं आणि अतिनील किरणांचा मारा दहाएक टक्क्यांनी वाढतो. ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांजवळही त्वचा भाजते. पायथ्याशी २८ अंश असतील तर १,५०० मीटर वरच्या गावात साधारण १८, आणि रोपवेने आणखी १,२०० मीटर वर गेलात की १० च्या आसपास, वर वारा वेगळा. एक जाड कोट सगळीकडे गैरसोयीचा होतो. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जाकीट अशी तीन थरांची सोय करा. सुती बनियन घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि वाऱ्यात तेच थंडी वाजवतं.

एक बारीकशी गोष्ट. शाम्पू आणि क्रीमच्या ट्यूब खालच्या दाबाला भरलेल्या असतात. वर पोचल्यावर आतली हवा पसरते आणि टोपण उघडताच निम्मं बाहेर येतं. निघताना ट्यूब दाबून हवा काढून टोपण घट्ट लावा, आणि त्या कपड्यांपासून वेगळ्या पिशवीत ठेवा.

शनिवार: गर्दीच्या पुढे दोन तास

शनिवारी गाव भरलेलं असणार, ते टळत नाही. पण मुलं असलेल्या कुटुंबाला नाश्ता, कपडे, विसरलेली टोपी, परत खोलीवर जाणं हे सगळं आवरून रोपवेपाशी यायला साडेदहा वाजतात. मोठ्यांना पहिल्या डब्यात बसणं सहज जमतं. शनिवारी पोचणारे असाल तर हे रविवारी करा. पहिली फेरी कितीला आणि शेवटची खाली येणारी कितीला, दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी लिहून घ्या. वर जाणाऱ्या शेवटच्या फेरीची वेळ आणि खाली येणाऱ्या शेवटच्या फेरीची वेळ वेगळी असते, आणि घोटाळा नेमका इथे होतो. शेवटचा डबा चुकला तर अंधारात पायी उतरावं लागतं.

सकाळ धरायचं दुसरं कारण हवामान. उन्हाने तापलेली हवा दुपारपर्यंत डोंगरउतारावरून वर चढते, ढग बांधले जातात, वारा वाढतो. वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की रोपवे थांबवतात, आणि वर असलेली सगळी माणसं तिथेच खोळंबतात. साधारण अकरा-साडेअकरापर्यंत खाली आलात, तर रांगा लागलेल्या असताना तुम्ही मोकळे असता. विजा चमकू लागल्या तर कडा, एकटं झाड आणि लोखंडी मनोरा यांच्यापासून दूर व्हा, आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर ३० मिनिटं आडोशाबाहेर पडू नका.

चालायला जाणार असाल तर वेळेचा अंदाज नकाशावरच्या अंतरावरून बांधू नका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा आजही उपयोगी आहे. दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ८ किलोमीटरची वाट आणि ४५० मीटर चढ असेल, तर ९६ मिनिटं अधिक ४५ मिनिटं, म्हणजे २ तास २१ मिनिटं. यात थांबणं, फोटो, पाणी पिणं धरलेलं नाही आणि चालणारा सराईत गृहीत धरला आहे. एरवी खुर्चीवर बसून काम करणाऱ्या मंडळींनी त्यावर ४० टक्के वाढवावेत. म्हणजे सव्वातीन तास. दरीत सूर्य पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बराच आधी कड्याआड जातो आणि तत्काळ गार वाटू लागतं. हात पुढे ताणून सूर्य आणि कडा यांच्यामध्ये आडवी बोटं धरा. प्रत्येक बोटाला साधारण १५ मिनिटं. चार बोटं उरली की परत फिरायचं. हेडलॅम्प तरीही प्रत्येकाकडे हवा. मोबाइलच्या टॉर्चवर विसंबू नका, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि एक हातही अडकतो.

मुलांसाठी केलेले खेळ मोठ्यांनी टाळायचं कारण नाही. रुळांवरून डोंगरउतारावर घसरत जाणारी गाडी, झिपलाइन, बर्फावरची घसरगुंडी या सगळ्यांत मोठ्यांनाही खरी मजा येते. पण तिकीट काढण्याआधी वजनाची मर्यादा वाचा. खालची असते तशी वरचीही असते, आणि दोघांनी एका गाडीत बसायचं तर दोघांचं मिळून वजन धरतात. वेळ उघडल्या उघडल्या किंवा बंद व्हायच्या आधीचा शेवटचा तास. मधल्या वेळात पुढच्या गाडीतलं लहान मूल ब्रेक धरून बसतं आणि मागच्या सगळ्यांना हळू जावं लागतं, त्यात त्याची काही चूक नाही.

जेवणाची वेळ सांभाळायला सर्वांत अवघड. कुटुंबं साडेसहा ते आठमध्ये जेवतात, म्हणून मोठ्यांनी साडेआठनंतर जावं हे खरं. पण अशा गावांत स्वयंपाकघर लवकर थंडावतं. 'किती वाजेपर्यंत उघडं असतं' याचं उत्तर दहा असेल आणि शेवटची ऑर्डर नऊला घेत असतील. शेवटची ऑर्डर किती वाजता, एवढंच विचारा आणि त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीचं टेबल सांगा. सहा जणांचं एक टेबल मिळत नसेल तर तीन-तीनची दोन जवळजवळची मागा, ती लवकर मिळतात. स्वतंत्र घरात स्वतः रांधणार असाल तर लक्षात ठेवा, २,५०० मीटरवर पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं. सगळं शिजायला जास्त वेळ लागतो. प्रेशर कुकर आहे का ते आधी विचारा.

आणि रात्री दहानंतर गच्चीवर, सज्जात आवाज खाली. दरीत रात्री हवा स्थिर असते आणि बोलणं लांबवर जातं. आजूबाजूला सकाळी सहाला उठणाऱ्या मुलांचे आईवडील झोपलेले असतात. गप्पा आत, दार लावून.

माणसं, पैसे आणि घरी राहिलेली मुलं

चार किंवा सहा ही चांगली संख्या. एका किंवा दोन गाड्यांत मावते, खोल्यांत नीट वाटली जाते. गटात एकटं कुणी येणार असेल तर त्याच्या खोलीचा खर्च कसा धरायचा हे बुकिंगच्या आधी स्पष्ट बोला, नंतर बोलणं अवघड जातं. सामायिक खर्चासाठी सगळ्यांनी आधीच सारखी रक्कम एकाकडे जमा करावी. मद्याचा हिशोब मात्र वेगळा ठेवा. न पिणाऱ्याने पिणाऱ्यांचं बिल भरायचं ही नाराजी सहसा बोलून दाखवली जात नाही, पण राहते.

मुलं आजी-आजोबांकडे किंवा मावशी-काकांकडे ठेवणार असाल तर एक कागद लिहून फ्रिजवर लावा. त्यावर बालरोगतज्ज्ञांचा नंबर, तापाचं औषध मुलाच्या वजनाप्रमाणे किती आणि किती तासांनी, कशाची अ‍ॅलर्जी, शाळेतून किंवा क्लासमधून कोण आणणार, आणि तुमच्या हॉटेलचा लँडलाइन नंबर. डोंगरात मोबाइलची रेंज जाते, लँडलाइन लागतो. फोनची वेळ ठरवून घ्या आणि ती झोपायच्या वेळची ठेवू नका. दिवसभर मजेत असलेलं मूल झोपेच्या तोंडावर आईचा आवाज ऐकलं की हमखास रडतं, आणि मग दोन्हीकडची रात्र अस्वस्थ जाते. संध्याकाळी खेळून आल्यावर, जेवणाच्या आधी करा.

घाट चढताना, उतरताना

शनिवारी पहाटे पाचच्या आसपास निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. आदल्या रात्री काम संपवून घाट चढायला घेऊ नका. दमलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंदावते आणि वळणावर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. गाडी लागणाऱ्या माणसाला पुढच्या सीटवर बसवा, नजर दूरच्या रस्त्यावर, हातात मोबाइल नाही. गोळी घ्यायची तर घाट सुरू होण्याच्या अर्धा ते एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने घेऊ नये. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. भरलेल्या गाडीने ओव्हरटेक करताना हे ध्यानात ठेवा.

काही गावांत गाडी नेताच येत नाही. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. गाडी आधीच्या टॅश गावात लावून रेल्वेने वर जावं लागतं. अशा ठिकाणी गाडी लावण्याची जागा आणि शेवटची रेल्वे दोन्ही आधी बघा, आणि एका हातात उचलता येईल एवढंच सामान घ्या.

सोमवारी नाश्ता करून नऊ-दहाच्या सुमाराला निघा. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबेनाशी होते. वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास ब्रेक निवू द्या. त्यावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

इलेक्ट्रिक गाडीची गोष्ट थोडी वेगळी. माणसं-सामानासह दोन टनांची गाडी १,५०० मीटर वर न्यायला नुसत्या चढापोटी ८ ते १० युनिट जातात, अंतराचा खर्च वेगळा. थंडीत त्यात आणखी भर पडते. पायथ्याशी चार्जिंग करून घ्या. वर मात्र परतीच्या आदल्या रात्री बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची ऊर्जा परत घ्यायला जागा नसते, त्यामुळे गाडी स्वतःहून वेग आवरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. ८० टक्क्यांवर थांबवा.

सर्दी झालेल्यांचे कान उतरताना जास्त दुखतात. दर थोड्या वेळाने आवंढा गिळा, जांभई द्या, झोपलेल्याला उतार सुरू होण्याआधी उठवा. घरी पोचायची वेळ मुलांना सांगाल तेव्हा तुमच्या अंदाजापेक्षा एक तास उशिराची सांगा. घाटात एखादा ट्रक बंद पडला तरी ती वेळ पाळता येते.